पाऊस आणि फरफट : दुचाकीस्वाराच्या विजारीचा इतिहास

प्रस्तुत लेखाचा विषय पाहून नेहमीचे वाचक काहीसे बुचकळ्यात पडतील, याची आम्हांला कल्पना आहे. मोटारसायकलवर घालायची विजार हा साहित्याच्या अभ्यासकांच्या चिंतनाचा विषय खचितच नव्हे. परंतु आमच्यापैकी बहुतेकांची अर्धी नोकरी ज्या वाहनावर बसून झाली, त्या दुचाकीचा आणि तिच्यावर बसलेल्या देहाचा विचार आम्ही कधी केलाच नाही, ही जाणीव आम्हांला गेल्या पावसाळ्यात झाली. आणि ती सुखासुखी झाली नाही.

आमचा एक मित्र तासिका तत्त्वावर मराठी शिकवतो. सकाळी तालुक्याच्या गावी तीन तासिका आणि दुपारी घाटाखालच्या दुसऱ्या महाविद्यालयात दोन, असा त्याचा दिनक्रम. मधले अंतर बत्तीस किलोमीटर. जुलैतील एका दुपारी घाटाच्या शेवटच्या वळणावर वरून वाहून आलेल्या मातीवर त्याच्या गाडीचे पुढचे चाक सरकले. वेग चाळिसाच्या आतच होता. डोक्यावर हेल्मेट होते; डोके शाबूत राहिले. अंगात रेनकोट होता आणि पायांत त्याच्याच जोडीची पातळ विजार. डांबरावरून तो दहाएक मीटर फरफटत गेला. डॉक्टरांना खरा वेळ लागला तो गुडघ्याची जखम शिवण्यात नव्हे, तर तीत वितळून चिकटलेले रेनकोटचे कापड सोडवण्यात. पाच आठवडे तो घरी होता. तासिका झाल्या नाहीत, म्हणून त्यांचे मानधनही झाले नाही.

आम्ही भेटायला गेलो तेव्हा तो म्हणाला, "मी पावसाची सगळी तयारी केली होती. पडायची केली नव्हती." आणि मग, जरा हसून, आम्हांला एक काम सांगितले : आठ हजारांच्या आत, बारा महिने वापरता येईल आणि पडल्यावर पाय वाचवील, अशी एक विजार शोधून द्या. आम्ही शोधू लागलो आणि सवयीने विषयाच्या इतिहासात शिरलो. तेथे जे हाती लागले त्याचा सारांश आरंभीच सांगतो. पावसापासून रक्षण करणारे वस्त्र आणि पडण्यापासून रक्षण करणारे वस्त्र यांची कुळे निरनिराळी आहेत. बाजारात ती 'सर्व ऋतूंसाठी' या एका नावाखाली विकली जातात. किंमत उतरवायची वेळ आली, की त्यांतील एक कूळ गुपचूप वगळले जाते; आणि ते बहुधा पडण्याचे असते.

१. घोड्यावरची विजार

विजार हे वस्त्रच मुळी स्वारासाठी जन्माला आले असावे. पश्चिम चीनमधील तुर्फानच्या खोऱ्यात यांगहाय येथील दफनभूमीत सापडलेल्या लोकरी विजारी आजवर ज्ञात असलेल्यांत सर्वांत जुन्या गणल्या जातात. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार त्यांचा काळ इ.स.पू. तेरावे ते दहावे शतक असा येतो. दोन पायांचे दोन तुकडे वेगवेगळे विणलेले आणि मध्ये तिसरा रुंद तुकडा बसवलेला. मांड टाकून बसल्यावर कापडावर ताण येऊ नये, एवढ्यासाठीच ही योजना. आपल्याकडील 'विजार', 'तुमान', 'सुरवार' हे तिन्ही शब्द अरबी-फारसीतून आलेले आहेत, आणि 'स्वार' हा शब्दही फारसीच. वस्त्र, त्याचे नाव आणि ते घालणाऱ्याचे नाव अशी सर्व एकाच वाटेने मराठीत आली.

या परंपरेचे एक ठळक भारतीय प्रकरण म्हणजे जोधपुरी विजार. १८९७ साली व्हिक्टोरिया राणीच्या हीरकमहोत्सवासाठी जोधपूरचे सर प्रतापसिंह इंग्लंडला गेले, तेव्हा त्यांच्या परिवाराच्या विजारींनी तेथील स्वारांचे लक्ष वेधले. मांडीवर ऐसपैस आणि गुडघ्याखाली घट्ट असा हा बेत पुढे घोडेस्वारीच्या पोशाखात रूढ झाला.

मोटारसायकल याच सुमारास अवतरली. डाइमलर आणि मायबाख यांनी १८८५ साली जी लाकडी सांगाड्याची गाडी बनवली, तिचे नावच 'राइटवागेन', म्हणजे स्वारीची गाडी, असे होते. १८९४ पासून म्युनिकच्या हिल्डेब्रांड आणि वोल्फम्युलर यांनी मोटारसायकली विक्रीसाठी बनवायला आरंभ केला. प्रारंभीच्या चालकांनी घोडेस्वाराचाच पोशाख उचलला : तीच विजार, तेच उंच बूट, तोच लांब कोट.

येथे एक बारकावा ध्यानात घेण्याजोगा आहे. घोडेस्वाराच्या विजारीला कातड्याचे अस्तर असते ते मांडीच्या आणि गुडघ्याच्या आतल्या बाजूस, कारण तेथे खोगिराचे घर्षण होते. मोटारसायकलवरून पडणाऱ्याचे अंग घासले जाते ते नेमके बाहेरच्या बाजूस : गुडघ्याची वाटी, नडगी, कमरेचे हाड. म्हणजे नव्या स्वाराला जो वारसा मिळाला, तो उलट्या बाजूने मजबूत होता.

२. पावसाचे कूळ

पावसाच्या वस्त्राचा इतिहास कितीतरी श्रीमंत आहे, आणि त्यातील आपला वाटाही लहान नाही. कोकणात भातलावणी करणाऱ्यांचे इरले म्हणजे बांबूच्या कामट्यांच्या सांगाड्यावर पाने रचून केलेले पाठीवरचे छप्परच. वाकून काम करणाऱ्याची पाठ आणि डोके कोरडे राहावे, हात मोकळे राहावेत, एवढीच त्याची अपेक्षा. देशावर धनगरांची घोंगडी. दख्खनी मेंढीची लोकर, तिच्यातील नैसर्गिक तेलकटपणा आणि विणताना दिलेली चिंचोक्याची खळ यांमुळे ती पाणी लवकर आत घेत नाही. तिची खोळ करून डोक्यावरून घेतली की धनगर भर पावसात मेंढरांमागे उभा राहू शकतो. तिसरी वस्तू मेणकापड. कापडाला मेण किंवा तेल पाजून पाणी अडवायचे, ही युक्ती पुष्कळ देशांत निरनिराळ्या काळी सुचलेली दिसते. युरोपातील दर्यावर्दी शिडाच्या कापडाला जवसाचे तेल लावून त्याचे अंगरखे करीत.

औद्योगिक काळातील पहिले मोठे पाऊल ग्लासगोच्या चार्ल्स मॅकिंटॉशचे. दगडी कोळशापासून वायू तयार करताना उरणाऱ्या डांबरातून नॅफ्था मिळे. त्यात रबर विरघळते, हे ध्यानी घेऊन त्याने दोन कापडांच्या मध्ये रबराचा थर चिकटवला आणि १८२३ साली त्याचे पेटंट घेतले. हे कापड पाणी अडवी, पण थंडीत ताठ होई, उन्हात चिकट होई, आणि त्याला दुर्गंधी येई. शिवाय शिवताना सुईने पडलेल्या छिद्रांतून पाणी आत येई. चार्ल्स गुडइयरने १८३९ साली रबरावर गंधकाची प्रक्रिया शोधली (तिचे अमेरिकी पेटंट १८४४ चे), तेव्हा ताठपणाचा आणि चिकटपणाचा प्रश्न सुटला. घामाचा सुटला नाही. पाणी बाहेर ठेवणारे कापड घामही आतच ठेवते, हे रबरी रेनकोट घालून दादरच्या पुलावर चढलेल्या कोणालाही सांगावे लागणार नाही. भारतात हा रबरी रेनकोट घरोघरी पोहोचवण्याचे श्रेय मोठ्या प्रमाणात कलकत्त्याच्या सुरेंद्रमोहन बोस यांना जाते. १९२० साली त्यांनी सुरू केलेल्या बेंगाल वॉटरप्रूफचा 'डकबॅक' हा स्वदेशीच्या काळातील एक यशस्वी उद्योग होय.

मोटारसायकलस्वाराने मात्र पसंती दिली ती मेणकापडाला. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील साउथ शील्ड्स येथे १८९४ साली स्थापन झालेली बार्बर ही पेढी मुळात खलाशांसाठी आणि गोदी कामगारांसाठी तेलकापडाचे कपडे करी. १९३६ साली त्याच घराण्यातील डंकन बार्बर यांनी 'इंटरनॅशनल सिक्स डेज ट्रायल' या शर्यतीसाठी मेणकापडाचा मोटारसायकली पोशाख सिद्ध केला. १९२४ साली स्टोक-ऑन-ट्रेंटच्या लाँग्टन भागात सुरू झालेल्या बेलस्टाफने १९४८ मध्ये 'ट्रायलमास्टर' हे जाकीट आणले. सहा-सहा दिवस चिखलात आणि पावसात चालणाऱ्या शर्यतींसाठी ही वस्त्रे होती. १९६४ साली पूर्व जर्मनीतील शर्यतीत अभिनेता स्टीव्ह मॅक्वीन बार्बरचा पोशाख घालून उतरला आणि खलाशाचे मेणकापड चैनीची वस्तू झाले.

दुसऱ्या महायुद्धानंतर नायलॉन आणि पीव्हीसी यांनी पाऊस स्वस्त केला. आपल्याकडे त्याची सर्वांत बोलकी खूण पंढरीच्या वारीत दिसते. घोंगडीची आणि इरल्याची जागा आता डोक्यावरून घेतलेल्या प्लास्टिकच्या कागदाने घेतली आहे. या कुळातील शेवटचा मोठा शोध बॉब गोर याचा. १९६९ साली त्याने टेफ्लॉनच्या जातीचे द्रव्य झटक्याने ताणून त्याची सूक्ष्म छिद्रांची पातळ त्वचा बनवली. पाण्याच्या थेंबाला आत येता येत नाही आणि घामाच्या वाफेला बाहेर जाता येते, अशी ही 'गोरटेक्स' त्वचा १९७६ पासून वस्तूंत वापरली जाऊ लागली. मॅकिंटॉशपासून रेंगाळलेला घामाचा प्रश्न दीडशे वर्षांनी बऱ्याच अंशी सुटला.

इरल्यापासून गोरटेक्सपर्यंतच्या या सर्व प्रवासात वस्त्राला मुख्यतः दोनच प्रश्न विचारले गेले : पाणी आत येते का, आणि घाम बाहेर जातो का? हे वस्त्र डांबरावर घासले गेले तर काय होईल, हा प्रश्न त्यात नव्हता. असण्याचे कारणही नव्हते. लावणी करणाऱ्या बाईला आणि डेकवर उभ्या खलाशाला ताशी चाळीस किलोमीटर वेगाने रस्त्यावर पडायचे नव्हते. आमच्या मित्राच्या पायांत जी विजार होती ती या कुळातील, आणि तिने आपल्या कुळाचे कर्तव्य चोख बजावले होते. पडेपर्यंत तो कोरडा होता.

३. फरफटीचे कूळ

पडण्यापासून वाचवणाऱ्या वस्त्राचा इतिहास याच्या मानाने उशिरा सुरू होतो आणि रडतखडत चालतो. त्याचे पहिले द्रव्य कातडे. १९२८ साली न्यूयॉर्कच्या अर्व्हिंग शॉट याने 'पर्फेक्टो' हे तिरक्या चेनचे कातडी जाकीट आणले. १९५३ च्या 'द वाइल्ड वन' या चित्रपटात मार्लन ब्रँडोने त्याच घाटाचे जाकीट घातले आणि मोटारसायकलस्वाराची जगभरची प्रतिमा ठरून गेली. साहित्याच्या अभ्यासकांनी या प्रतिमेकडे नीट पाहावे. कमरेच्या वर जाड कातडे आहे आणि कमरेच्या खाली साधी जीन्स आहे. पुढे जाहिरातींनी आणि चित्रपटांनी तीच अर्धी चिलखती मूर्ती पुन्हा पुन्हा उभी केली. आपल्या भाषेतही डोक्याला शिरस्त्राण आहे, छातीला चिलखत आहे. गुडघ्याला आणि कमरेच्या हाडाला जपणाऱ्या वस्तूला रोजच्या मराठीत रूढ असा शब्द नाही.

डोक्याकडे लक्ष गेले ते एका लेखकाच्या मृत्यूमुळे. 'सेव्हन पिलर्स ऑफ विज्डम'चा कर्ता टी. ई. लॉरेन्स १३ मे १९३५ रोजी आपल्या ब्रफ सुपीरियर मोटारसायकलवरून जात असताना, सायकलवरील दोन मुलांना चुकवताना पडला. त्याच्या डोक्यावर काही नव्हते. सहा दिवसांनी तो वारला. उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स हा तरुण मेंदूशल्यविशारद होता. त्याने हा विषय सोडला नाही. १९४१ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये त्याने दाखवून दिले, की युद्धाच्या पहिल्या २१ महिन्यांत ब्रिटनमध्ये २२७९ मोटारसायकलस्वार आणि त्यांचे सहप्रवासी मृत्युमुखी पडले होते. त्याच्या पाहण्यात आलेल्या जखमींत हेल्मेट घातलेले अवघे सात होते आणि त्यांपैकी एकही दगावला नव्हता. त्याच वर्षीच्या अखेरीस ब्रिटिश सैन्याने आपल्या मोटारसायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचे केले.

पुढे कायद्यांनीही हीच वाट धरली. भारताच्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातील १२९ वे कलम शिरस्त्राणाची सक्ती करते. पायांविषयी सक्ती नाही. वस्त्राचा विचार आपल्या नियमांत एका ठिकाणी मात्र आवर्जून केलेला आहे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२३ वा नियम सांगतो, की मागे बसणाऱ्या व्यक्तीचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून मागील चाक निदान अर्धे झाकणारे साधन गाडीला असले पाहिजे. हेच आपले 'साडीगार्ड'. नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर आपल्या रस्त्यावरचे खरे कुटुंब होते, याचा हा पुरावा होय. पण त्या नियमात वस्त्र हे धोक्याचे कारण आहे. संरक्षणाचे साधन नाही.

मोटारसायकल अपघातांचा पहिला विस्तृत अभ्यास लॉस एंजेलिस परिसरात हॅरी हर्ट यांच्या मार्गदर्शनाखाली झाला आणि १९८१ साली प्रसिद्ध झाला. सुमारे ९०० अपघातांची प्रत्यक्ष जागेवर पाहणी करून काढलेल्या निष्कर्षांत एक असा होता, की जाड बूट, जाकीट, हातमोजे आदी वस्त्रांमुळे खरचटणे आणि फाटणे या जखमा टळतात किंवा कमी होतात. मात्र या जखमा वारंवार होत असल्या तरी क्वचितच गंभीर असतात. वैद्यकीय अर्थाने हे विधान योग्यच आहे. खरचटून माणूस सहसा मरत नाही. पण ज्याला महिन्याचा पगार आहे त्याची 'गंभीर नसलेली' जखम आणि ज्याला तासिकेमागे मानधन आहे त्याची तीच जखम, या दोन वेगळ्या जखमा आहेत. पाच आठवड्यांचे मानधन बुडवणारी जखम कोणत्याही तक्त्यात गंभीर म्हणून नोंदली जात नाही. आम्हांला या विषयात रस वाटू लागला तो या ठिकाणी.

द्रव्यांच्या बाबतीत या कुळाला मोठी देणगी मिळाली ती रसायनशास्त्रज्ञ स्टेफनी क्वोलेक यांची. ड्यूपाँ कंपनीत त्या टायरच्या बळकटीसाठी हलका आणि चिवट धागा शोधत होत्या. १९६५ साली त्यांना केव्हलार सापडले. रस्त्यावर घासण्यासाठीच ज्याचा शोध सुरू होता तो धागा पुढे जीन्सच्या आतल्या अस्तरात आला. बखरींनी सांगितलेले, अंगरख्याखाली चिलखत घालून भेटीस जाण्याचे शहाणपण आपल्याला परिचित आहेच. केव्हलारचे अस्तर लावलेली जीन्स हे त्याचेच आजचे रूप. केव्हलारच्या जातीचे धागे वितळत नाहीत. सुतीही वितळत नाही, पण लगेच फाटते. पातळ नायलॉन घर्षणाच्या उष्णतेने वितळते आणि जखमेला चिकटते.

वस्त्र किती वेळ टिकते, हे मोजण्याची सोय झाली ती केंब्रिजमध्ये रॉडरिक वुड्स यांनी केलेल्या कामामुळे. धावत्या खरखरीत पट्ट्यावर कापड दाबून धरायचे आणि भोक पडेपर्यंतचे सेकंद मोजायचे, अशी ही पद्धत. त्यावर आधारलेल्या २००२ च्या 'ईएन १३५९५' या युरोपीय मानकात सर्वाधिक धोक्याच्या जागी कापडाने पहिल्या पातळीसाठी ४ सेकंद आणि दुसऱ्या पातळीसाठी ७ सेकंद टिकावे, अशी अट होती. साधी जीन्स सेकंदाच्या आसपासच हार मानते. हे मानक इतके कडक होते, की थोड्याच उत्पादकांनी ते मनावर घेतले. २०२० मध्ये 'ईएन १७०९२' हे नवे मानक आले. त्यात 'एएए', 'एए' आणि 'ए' असे उतरत्या क्रमाने वर्ग आहेत. जाणकारांनी ते सौम्य असल्याची टीका केली. पण त्यामुळे मध्यम किमतीच्या विजारीवरही काहीतरी वाचण्याजोगे लिहिलेले सापडू लागले, हेही खरे.

४. सोयरीक

ही दोन कुळे रोजच्या स्वारासाठी एकत्र आणण्याचा पहिला जाणीवपूर्वक प्रयत्न अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातल्या डुलुथ येथे झाला. अँडी गोल्डफाइन यांनी १९८३ साली 'एरोस्टिच' ही पेढी सुरू केली. त्यांचा 'रोडक्राफ्टर' म्हणजे कॉर्डुरा या जाड, चिवट नायलॉनचा एकसंध झगा, आत गोरटेक्स, गुडघ्यांवर आणि कोपरांवर मऊ संरक्षक पट्ट्या, आणि लांबलचक चेन, जेणेकरून कचेरीच्या कपड्यांवर तो चढवता आणि उतरवता यावा. शर्यतीच्या वीराऐवजी कामावर जाणारा माणूस येथे केंद्रस्थानी आला. या इतिहासातील आम्हांला सर्वांत जवळचे वाटणारे पान हेच. तो झगा स्वस्त मात्र कधीच नव्हता.

पुढे बाजाराने त्याची स्वस्त आवृत्ती काढली. बाहेर जाडसर कापड, आत काढता-घालता येणारे पाणीरोधक अस्तर, त्याच्याही आत थंडीचे अस्तर, अशी तीन थरांची 'सर्व ऋतूंची' विजार. ती कशी वागते हे पाहण्यासाठी ऑस्ट्रेलियातील एका अभ्यासाकडे वळावे लागते. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात लिझ डी रोम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अपघातग्रस्त स्वारांचे कपडे तपासले. संरक्षक वस्त्रे घालणाऱ्यांना रुग्णालयात दाखल होण्याची वेळ कमी आली, हे त्यात दिसले. पण त्याचबरोबर चतुर्थांशाहून अधिक संरक्षक विजारी अपघातात निकामी झाल्या, हेही दिसले. २०१८ पासून ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांनी मिळून 'मोटोकॅप' नावाची योजना चालवली आहे. दुकानातून वस्त्रे विकत घेऊन ती प्रयोगशाळेत फाडली जातात आणि त्यांना गुण दिले जातात. अपघातातील संरक्षणाचे गुण वेगळे, उष्ण हवेतील सुसह्यतेचे वेगळे, आणि पाणी अडवण्याची तपासणी वेगळी. सोयरीक झाली तरी कुळे दोनच राहिली, हे या गुणपत्रिकेत स्वच्छ दिसते.

५. आठ हजारांचा प्रश्न

एवढा इतिहास घेऊन आम्ही दुकानांत गेलो. मित्राला जे सांगितले तेच येथे मांडतो.

पहिली गोष्ट म्हणजे क्रम. आधी पडण्याचा विचार, मग पावसाचा. पावसाची प्रचिती चार महिने रोज येते, म्हणून दुकानात हात पाण्याच्या प्रश्नाकडे जातो. पडण्याची प्रचिती एकदाच येते आणि तेव्हा विजार बदलता येत नाही.

दुसरी गोष्ट शिक्क्याचे वाचन. आपण संहितेचे वाचन शिकवतो. ते येथे उपयोगी पडले. पुष्कळ विजारींवर 'सीई' ही अक्षरे ठळक असतात, पण ती आतल्या गुडघ्याच्या पट्ट्यांपुरती असतात, सबंध विजारीची नव्हेत. पट्ट्यांचे मानक 'ईएन १६२१-१'. त्यात ५० ज्यूलचा आघात करून पट्टी तपासतात. म्हणजे साधारण पाच किलोचे वजन एक मीटरवरून सोडण्याइतका. दुसऱ्या पातळीची पट्टी पहिलीपेक्षा बराच अधिक आघात शोषते. विजारीचा स्वतःचा वर्ग आतल्या शिवलेल्या चिठ्ठीवर 'ईएन १७०९२' या अंकांशेजारी शोधावा. आमच्या घाटरस्त्यांसाठी 'एए' मिळाला तर उत्तम. 'ए' वर्गात कमरेच्या पट्ट्या सक्तीच्या नाहीत, त्यामुळे त्या जागी नुसता रिकामा खिसा किंवा पातळ फोम निघतो. तेथे खऱ्या पट्ट्या वेगळ्या घेऊन बसवाव्या लागतात आणि तो खर्च आधीच धरावा लागतो.

तिसरी गोष्ट शिवण. पाणीही शिवणीतूनच आत येते आणि पडल्यावर कापडही बहुधा शिवणीवरच उकलते. बाहेरच्या, म्हणजे कमरेच्या आणि गुडघ्याच्या बाजूची शिवण दुहेरी-तिहेरी आहे का, ते उलटून पाहावे. मग विजार घालून प्रत्यक्ष गाडीवर बसावे. उभे असताना गुडघ्यावर असलेली पट्टी बसल्यावर नडगीवर सरकत असेल, तर ती विजार आपली नव्हे, मग शिक्का कोणताही असो.

चौथी गोष्ट पाण्याची. सुटे अस्तर असलेली स्वस्त विजार पावसात आत कोरडी राहते, पण बाहेरचे कापड पाणी पिऊन जड होते. आणि आभाळ भरून आले की रस्त्याच्या कडेला उभे राहून ते अस्तर चढवायचे म्हणजे विजार उतरवावीच लागते. घाटात हे जमत नाही. बाहेरच्या कापडालाच पाणीरोधक त्वचा चिकटवलेली विजार चांगली, पण ती आठ हजारांत बसत नाही, आणि एप्रिल-मेच्या उन्हात तीत बसवतही नाही. म्हणून आमचे मत जुन्याच मार्गाचे पडले : हवा खेळणारी, 'एए' वर्गाची, गुडघ्याला आणि कमरेला खऱ्या पट्ट्या असलेली साधी विजार घ्यावी आणि पावसात तिच्यावरून ढगळ, स्वस्त पावसाळी विजार चढवावी. वरची फाटली वा वितळली तरी खालची आहे. धनगर सदऱ्यावरून घोंगडी घेतो, त्याहून यात वेगळे काही नाही. दोन कुळांना एका शिवणीत कोंबण्याची किंमत श्रीमंताने मोजावी. आपण ती एकावर एक घालावीत.

पाचवी गोष्ट सर्वांत साधी. उकडते म्हणून खुंटीवर राहणारी उत्तम विजार ही रोज घातल्या जाणाऱ्या मध्यम विजारीपेक्षा निकृष्टच.

मित्राची विजार अखेर सव्वासात हजारांत बसली, कमरेच्या पट्ट्यांसह. वरची पावसाळी विजार वेगळी, नऊशेची. दोन्ही मिळून आठ हजारांच्या थोडे वर गेले आणि तो फरक आम्ही भरू दिला नाही म्हणून तो आमच्यावर रागावला. दसऱ्यानंतर तो पुन्हा घाट उतरू लागला. पहिल्या दिवशी वर्गातील मुलांनी विचारले, "सर, रेसला चाललात का?" तो म्हणाला, "हो, अडीचच्या तासाला."

असो. शेवटी एक गोष्ट नमूद करणे आवश्यक वाटते. आम्ही मित्राला विजार शोधून दिली. पण दोन महाविद्यालयांमध्ये बत्तीस किलोमीटरचा घाट असावा आणि पडल्यावर पाच आठवड्यांचे मानधन जावे, यावर कोणत्याही मानकाचा शिक्का उपाय करू शकत नाही. लॉरेन्सनंतर केर्न्स मोजत बसला म्हणून डोकी वाचली. आमच्या ओळखीत तासिका तत्त्वावर दुचाकीने फिरणारे कितीजण पडले, किती दिवस घरी राहिले आणि त्यांचे किती बुडाले, याची एक साधी वही आम्ही या सत्रापासून ठेवायला घेतली आहे. पहिल्या पानावर आमच्या मित्राची नोंद आहे. आठवडाभरात त्याखाली आणखी चार नोंदी झाल्या.